खोट्या पाहुण्यांचा दिवस

२ एप्रिल

श्री. व्याहीबुवा यांस,

माझे नाव आपणांस ठाऊक आहे. लग्नपत्रिकेत ते आपल्या नावाच्या बरोबर समोर छापलेले होते, तेव्हा पुन्हा लिहून शाई खर्च करीत नाही. वय त्र्याहत्तर पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या खेपेस उत्तीर्ण. धंदा, सुट्टीवर आलेल्या लोकांना पायी डोंगरावर नेणे व सगळ्यांना परत आणणे. आपले माझे नाते, मी आपल्या कन्येचा सासरा. प्रकृती ठणठणीत. खालील मजकूर मी शुद्धीवर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असा लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पत्र आमंत्रण नाही. आमंत्रण दिले की समोरच्याला नाही म्हणावे लागते, आणि आपण चार वर्षांपूर्वी आमच्या फाटकाबाहेर उभे राहून जे नाही म्हणालात ते मला अजून पुरते आहे. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आवाज चढले होते. त्याची उजळणी मी करणार नाही, आपणही करू नये. ही केवळ माहिती आहे.

माहिती अशी की, आमचा हंगाम पंचवीस तारखेस सकाळी उघडतो.

सध्या घर उघडण्याचे काम चालू आहे. हिवाळाभर बंद राहिलेल्या घराला ओल्या लोकरीसारखा वास येतो, तो जाईपर्यंत गाद्या उन्हात आणि खिडक्या सताड उघड्या. खिंडीकडच्या वाटेवरचा लाकडी कठडा बर्फाने मोडला होता, तो बदलला. भाड्याने द्यायचे बूट धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे फळीवर लावले. एका बुटात उंदराने संसार थाटला होता, त्याला सन्मानाने बाहेर काढले. स्वयंपाकघरातली मोठी चूल मात्र अजून पेटलेली नाही. आमच्या स्वयंपाकिणीला सगळे मावशी म्हणतात, त्या मावशींनी धुराड्यात मान घालून पाहिले आणि मला बोलावले.

"आबा, वर कुणीतरी बाळंतपण मांडलंय. पिल्लं उडून जाईपर्यंत मी खाली धूर करणार नाही. लहान स्टोव्हवर भागवीन."

"पाहुणे येणार आहेत, मावशी."

"हे आधी आलेत."

असो. आपले जावई, म्हणजे माझे चिरंजीव, ऑफिसात बसून फोन घेतात, नोंदणी करतात व माहितीपुस्तक छापून घेतात. काम चोख आहे. डोंगर त्यांना मानवत नाही. स्टुलावर चढून दिवा बदलतानाही त्यांना गरगरते. ही गोष्ट आपण लग्नाआधी विचारली नाहीत व मीही सांगितली नाही. आपल्या कन्येने मात्र पहिल्याच वर्षी ती पाहिली, आणि मुकाट्याने पायांत बूट चढवून माझ्या मागे चालू लागली. तिला मी ओढून नेले असे आपण त्या दिवशी म्हणालात. औषधशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी परक्या लोकांच्या पिशव्या वाहते, असेही म्हणालात. पिशव्या ज्याच्या तोच वाहतो. एवढी दुरुस्ती करून पुढे जातो.

परवा मी खिंडीपर्यंत जाऊन वाट पाहून आलो. वाट ठीक आहे. मधल्या टप्प्याचा चढ यंदा थोडा वाढल्यासारखा वाटला. बर्फाने माती सरकते, असे होते. दोन ठिकाणी मी बसलो, कारण वाटेकडेचे दगड हलतात की काय हे बसल्याशिवाय कळत नाही. सूनबाई बरोबर होती.

"आबा, हा दगड किती वेळ तपासणार?"

"धंद्यात घाई नको."

आपण दुकानात औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचता, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

आता मुद्दा. आजवर हंगामाची पहिली तुकडी मी स्वतः नेत आलो. यंदा सूनबाईने पुढे चालण्याचा अर्ज तोंडी केला आहे. आमच्याकडे पुढे चालणारा नेमण्याची एक रीत आहे, ती मीच घालून दिली. उघडण्याच्या आधी एक दिवस घरातली सर्व माणसे पाहुणे बनतात, आणि ज्याला पुढे चालायचे त्याने त्यांना खिंडीपर्यंत नेऊन आणायचे. जुन्या काळी खरोखर येऊन गेलेल्या एकेका पाहुण्याचे सोंग प्रत्येकाने घ्यायचे, व जितका छळ त्या पाहुण्याने केला होता तितका करायचा. परत येईपर्यंत सोंग सोडायचे नाही. जो सोडील त्याने रात्रीची सगळी भांडी घासायची. हा दिवस आम्ही खोट्या पाहुण्यांचा दिवस म्हणतो. नऊ तारखेस आहे. त्यात ती उतरली तर पंचवीसला ती पुढे.

आणि पंचवीसच्या सकाळची आणखी एक रीत. पुढे चालणाऱ्याची सॅक त्याच्या घरचे कोणी माणूस उघडून तपासते. ज्याने भरली त्याला त्यातली चूक दिसत नाही, म्हणून. आजवर माझी सॅक चिरंजीव तपासत आले. तिची कोणी तपासावी, हे मी अजून ठरवलेले नाही.

विहीणबाई दर रविवारी तिला फोन करतात. हे आपणांस माहीत नाही, असे विहीणबाई समजतात. मीही तसेच समजतो.

उत्तराची अपेक्षा नाही. बस स्टँडवरून फाटकापर्यंत आमची जीप येते. हीदेखील केवळ माहिती आहे.

आपला,
व्याही


१७ एप्रिल

श्री. व्याहीबुवा यांस,

मागील पत्रात मी प्रकृती ठणठणीत असे लिहिले होते. ते विधान दुरुस्त करावे लागत आहे.

मी अंथरुणावरून लिहितो. अक्षर नेहमीचे नाही, त्याबद्दल क्षमा असावी. सूनबाईने हे आपल्या घरी कळवू नये अशी मी तिला ताकीद दिली होती, कारण कळवायचे ते मीच कळवणार. तेव्हा विहीणबाईंना रविवारी काही कळले नसेल तर दोष माझा धरावा.

नऊ तारखेची सकाळ स्वच्छ होती. सगळे आपापल्या सोंगात फाटकाशी जमले. मावशींनी उंच टाचांचे सँडल घातले होते. पूर्वी एक बाई अशाच आल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर "अजून किती?" विचारीत होत्या. आमच्या दोन तरुण वाटाड्यांना सगळे लंबू व गोटी म्हणतात, उंचीवरून. लंबू फोटो काढणारा पाहुणा झाला, जो चांगल्या फोटोसाठी कड्याच्या टोकाला जातो. गोटी खाणारा पाहुणा, ज्याला दर दहा पावलांवर डबा उघडावासा वाटतो. चिरंजीव ऑफिसात राहून काळजीवाले नातेवाईक बनले, आणि घडोघडी सूनबाईच्या फोनवर "आमची आई पोचली का? मफलर घातलाय ना?" असे विचारू लागले.

मी नेहमीप्रमाणे साहेब. हे गृहस्थ फार वर्षांपूर्वी आले होते. सामानात कपड्यांची इस्त्री आणली होती. डोंगर माहितीपुस्तकात लिहिल्यापेक्षा उंच असल्याची त्यांनी लेखी तक्रार केली होती. माझे हे सोंग घरात प्रसिद्ध आहे. सांगायला संकोच वाटतो, पण मावशी म्हणतात की मी साहेब असताना जास्त मोकळा असतो.

"अहो बाई," मी पहिल्याच चढावर ओरडलो, "ही वाट आहे की शिक्षा?"

"वाटच आहे, साहेब. शिक्षा उतरताना सुरू होते."

"पुस्तकात तर सोपी लिहिली आहे."

"पुस्तक लिहिणारे स्टुलावरसुद्धा चढत नाहीत, साहेब."

सगळे हसले. तिच्या फोनवर चिरंजीवही हसले, म्हणजे ते सोंगातून सुटले की नाही यावर मावशींनी हरकत घेतली. ती निकालात निघाली नाही.

तिने आम्हां सगळ्यांना बरे आवरले. लंबूला कड्यावरून मागे घेण्यासाठी तिने त्याला दटावले नाही. त्याच्या हातातला कॅमेरा मागून घेतला व म्हणाली, "या, तुमचाच फोटो काढते, इकडे उजेड चांगला आहे." गोटीचा डबा तिने आपल्या सॅकमध्ये ठेवून घेतला. मी मनात तिला पास करून टाकले होते. तोंडाने बोललो नाही. साहेब कोणाला पास करीत नाहीत.

मधल्या टप्प्याच्या अलीकडे माझ्या छातीवर कोणी ओले पोते ठेवले.

दुसरे कसे लिहावे ते मला माहीत नाही. डावा हात जड झाला. गार वारा असून कपाळाला घाम आला. मागच्या पत्रातले दगड मी का तपासले होते, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. मी बसलो. आता इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की मला बरे नाही. मी म्हणालो नाही. सोंग सोडले तर भांडी माझ्यावर आली असती. भांड्यांचे मला काही नाही, पण नियम माझा होता, आणि इतक्या वर्षांत मी तो एकदाही मोडलेला नव्हता.

मी एवढेच म्हणालो, "जरा थांबशील का?"

लंबूने टाळ्या वाजवल्या.

"आबा, यंदा साहेब अगदी खराखुरा वाटतोय."

"घामसुद्धा आणलाय," गोटी म्हणाला. "कसा आणता हो? आम्हालाही शिकवा."

"अजून किती?" मावशींनी आपले सोंग चालू ठेवले.

सूनबाई चार पावले पुढे होती. ती वळली, आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. "साहेब, कुठं दुखतंय?" मी हाताने दाखवले. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, हाताकडे पाहत होती. मग तिने कमरेच्या पिशवीतून गोळी काढली.

"तुमची तक्रार लिहून घेते. आधी ही चावा. गिळायची नाही, चावायची."

"कडू आहे."

"तीही तक्रार लिहून घेते."

आणि उठून, त्याच आवाजात, सगळ्यांना म्हणाली, "चला, स्ट्रेचरचा सराव. वाटेवरच्या पेटीतून काढा. खरा पाहुणा समजून न्यायचं. जो धक्का देईल त्याची भांडी."

लंबू कुरकुरला. "ताई, सराव उद्या होता ना?"

"आज आहे."

"चालता येतंय की त्यांना."

"पाहुणा म्हणतो येत नाही. आपण पाहुण्याचं ऐकतो."

तेवढ्यात फोन वाजला, काळजीवाल्या नातेवाइकांचा. ती पाठ फिरवून बोलली, हळू बोलली, पण माझे कान शाबूत आहेत. "पोचली आई. आता मी सांगते ते खेळातलं नाही. जीप वरच्या वळणापर्यंत पाठवा, इंजिन चालू ठेवायला सांगा. खालच्या इस्पितळात फोन करा. ओरडू नका."

व्याहीबुवा, मला त्यांनी डोंगरावरून उचलून खाली आणले आणि तिच्याखेरीज वाहणाऱ्या एकालाही माहीत नव्हते की ते खरे आहे. तिने मुद्दाम कळू दिले नाही. कळले असते तर हातांना कापरे भरले असते, ती वाट अरुंद आहे. हे तिचे म्हणणे. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या वाटेवर लोक मला पाहून बाजूला होतात त्या वाटेवरून मला आडवा नेला, आणि माझी मान खाली गेली नाही. मी साहेबच राहिलो. लंबू म्हणत होता, "आबा, हिवाळाभर काय खात होता हो?" गोटी म्हणत होता, "साहेबांनी इस्त्री खिशात ठेवलीय बहुतेक." मला उत्तर द्यायचे होते. ओठ हलले, आवाज निघाला नाही. ती माझ्या डोक्याशी चालत होती, माझे मनगट तिच्या हातात होते. ती मोठ्याने म्हणाली, "साहेब म्हणतायत, हळू चाला, पैसे भरलेत."

सगळे हसले. मी डोळे मिटून घेतले. मला तेच म्हणायचे होते.

जीपमध्ये मला चढवताना मावशींना तिचा चेहरा दिसला. त्यांच्या हातात त्यांचे सँडल होते, ते तिथेच रस्त्यावर राहिले.

इस्पितळात डॉक्टरांनी हृदयाच्या शिरेत बारीक नळी घातली आहे, ती आता कायम राहणार. त्यांनी प्रथम विचारले की गोळी कोणी दिली. तिने मी दिली म्हणून सांगितले.

"नर्स आहात का?"

"नाही. गाईड आहे. वडिलांचं औषधांचं दुकान आहे."

तिने 'दुकान आहे' म्हटले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपण त्या दिवशी म्हणाला होतात की तिच्या लेखी आपले दुकान संपले.

दोन दिवसांनी बोलण्याइतका झालो तेव्हा मी तिला विचारले, कसे ओळखलेस? इतकी वर्षे मी सोंगे करतो, खुद्द लंबूला समजले नाही.

ती म्हणाली, "शाळेतून आले की मी काउंटरमागे स्टुलावर बसायचे. बाबा सांगायचे, गिऱ्हाईक काय बोलतं ते मी ऐकतो, तू त्याचा हात बघ. छातीत दुखतंय म्हणून एका बोटानं जागा दाखवणारे पुष्कळ येतात. पण एखादा अख्खा तळहात ठेवतो आणि मुकाट होतो. त्याला खुर्ची द्यायची, गोळी द्यायची, आणि मी रिक्षा बोलावतो. नेहमीच खरं निघतं असं नाही, पण वाट बघायची नाही. तुम्ही तळहात ठेवलात."

"एवढ्यावरून?"

"आणि दुसरं म्हणजे, तुम्ही मला जरा थांबशील का असं विचारलंत. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी विचारलेलं नाही, आबा. तुम्ही थांब म्हणता."

यावर मी खिडकीकडे पाहिले. खिडकीत विशेष काही नव्हते.

तेव्हा परिस्थिती अशी आहे की, ज्या काउंटरवरून मी आपली मुलगी उठवून नेली असा आपला आरोप आहे, त्याच काउंटरवर ती जे शिकली त्यामुळे मी आज हे लिहीत आहे. हिशेब सरळ आहे, मला चौथीच्या गणितात तो सुटला. पण आभार मी पत्रातून मानणार नाही. आभार समोर उभे राहून, तोंडाने मानायचे असतात, असे मी मुलांना शिकवीत आलो.

म्हणून यावे. मागचे पत्र आमंत्रण नव्हते, हे आहे.

पंचवीसला ती पुढे चालणार. मला डॉक्टरांनी चढ, ओझे व वाकणे तिन्ही बंद केले आहे, तेव्हा सॅक मी तपासू शकत नाही. चिरंजीव करतील, पण त्यांना औषधांतले काही कळत नाही. मी तिला विचारले की कोणाला सांगू. ती म्हणाली, "यंदा राहू दे आबा, माझी मीच बघते." हे नियमात बसत नाही. शिवाय तिने ते बूट पुसता पुसता म्हटले, आणि बूट आधीच पुसून झालेले होते.

शेवटी एक. जरा थांबशील का, हे वाक्य साहेबांचे धरावे की माझे, यावर माझ्या खाटेभोवती सभा भरली होती. पाहुणेदेखील कधी कधी नीट बोलतात असे मी मांडले. मत माझ्याविरुद्ध पडले. मावशी म्हणाल्या, "आबा, साहेब आयुष्यात असं बोलले नाहीत. बरे झालात की भांडी तुमची."

आपला,
व्याही


२७ एप्रिल

श्री. व्याहीबुवा यांस,

आपण काल सकाळच्या बसने गेलात व आज मी आपणांस पत्र लिहीत आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परवा आपण स्वतः हजर होतात. तरीही परवाचा वृत्तान्त लिहितो, कारण आपल्या पाठीमागे काय घडत होते ते आपणांस दिसलेले नाही.

आपण जीप नाकारून स्टँडवरून चालत आलात, हे मला जीपवाल्याने आधीच सांगितले होते. तो म्हणाला, "औषधवाले नाना येतायत. खोका हातात आहे, द्या म्हटलं तर देत नाहीत. बसा म्हटलं तर म्हणाले, मला पाय आहेत." मी बाकावर होतो. उठलो नाही. डॉक्टरांची मनाई आहे असे मी कोणी विचारल्यास सांगणार होतो.

आपण फाटकाबाहेर, त्या दिवशी होतात त्याच जागी येऊन उभे राहिलात. आत पाहुणे सामान बांधीत होते. सूनबाई एका वृद्ध पाहुण्याच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधीत होती, तिची आपल्याकडे पाठ होती. आपण बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत होतात. मग फाटक ढकलून आत आलात आणि कोणालाही नमस्कार न करता विचारलेत, "सॅक कुठाय?"

ती वळली. सॅक उचलून तिने आपल्यासमोर ठेवली.

आपण माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी, औषधांची पिशवी उपडी केलीत व एकेक पट्टी डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागलात.

"ही पुढच्या महिन्यात संपते."

"अजून महिना आहे, बाबा."

"दुकानात चालेल. डोंगरावर नाही."

आणि आपण कोटाच्या खिशातून नवी पट्टी काढलीत. खोक्यात सगळीच औषधे होती, पण ती एक पट्टी आपण निराळी, खिशात आणली होती. तीच गोळी, जी तिने मला चावायला लावली. आपण मान खाली घालून ती पिशवीच्या वरच्या कप्प्यात बसवीत होतात, तेव्हा ती आपल्या डोक्याकडे पाहत होती. केस किती पांढरे झाले ते पाहत असावी. तिचे डोळे भरून वाहू लागले आणि तिने ते पुसले नाहीत, कारण हात वर केला असता तर आपण पाहिले असते. लंबू एकाएकी डोंगराचे निरीक्षण करू लागला. मावशींनी पदर तोंडाशी नेला व "धूर, धूर" असे म्हणाल्या. मोठी चूल अजून पेटलेली नाही.

आपण चेन ओढलीत, सॅक तिच्या पाठीवर चढवलीत, पट्टे सारखे केलेत व म्हणालात, "जा. लोक खोळंबलेत."

ती गेली. पुढे चालली. वळणावर तिने मागे पाहिले तेव्हा आपण चष्मा पुसत होतात, म्हणून लिहितो. तिने पाहिले.

नंतरचा दिवस आपण व मी त्या बाकावर बसून काढला. चार वर्षांनंतर आपण मला उद्देशून बोललेले पहिले वाक्य, "सकाळची गोळी घेतली?"

"घेतली."

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर."

"आधीची आहे ती."

दुपारी खिंडीतून शिट्टी आली, सगळे वर पोचल्याची, तेव्हा आपण उभे राहिलात. मी म्हणालो, बसा, आता ती परत फिरेल, वेळ लागतो. आपण बसला नाहीत. ती खाली उतरून फाटकात येईपर्यंत आपण जवळजवळ उभेच होतात. मी गुडघ्यांविषयी बोलणार होतो, पण ते आपले गुडघे आहेत.

आणि रात्रीची भांडी. डॉक्टरांनी उभ्याने हलके काम चालेल असे सांगितले आहे, हे मावशींनी कोठून शोधून काढले ते मला माहीत नाही. मी घासायला घेतली. आपण न सांगता फडके घेऊन शेजारी आलात. प्रत्येक पातेले पुसून झाल्यावर दिव्यासमोर धरून आतून पाहत होतात. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, काय बघता?" आपण म्हणालात, "बाटल्या अशाच बघतो. सवय." दोन पातेली आपण मला परत केलीत. ती स्वच्छ होती, असे माझे आजही मत आहे.

आता पत्राचे कारण.

आभार समोर उभे राहून मानायचे, असे मी लिहिले होते. आपण सबंध दिवस माझ्या शेजारी होतात. मी तीन वेळा तोंड उघडले. एकदा वाऱ्याविषयी बोललो, एकदा बुटांच्या तळव्यांविषयी. तिसऱ्यांदा काल बसच्या खिडकीशी उघडले, तेव्हा चालकाने गाडी सुरू केली. साहेबांचे बोलणे मला येते. हे येत नाही. तेव्हा मी असे ठरवले की मजकूर लिहावा, जेवणघरात सर्वांसमक्ष उभा राहून मोठ्याने वाचावा, आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे आभार तोंडाने मानले गेले नाहीत असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही. मजकूर पुढीलप्रमाणे:

मी, वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी, आजपासून पुढे न चालणारा, असे लिहून देतो की माझा जीव आपल्या मुलीने वाचवला. तो तिने लाज राखून वाचवला, हे अधिक. हात कसा पाहावा हे तिला आपण शिकवलेत. आपले काउंटर रिकामे झाले तेव्हा आपणांस काय वाटले असेल, हे मला खाटेवर पडल्यावर कळले, कारण माझी वाट आता माझ्यावाचून चालू आहे. तिला वाढवल्याबद्दल, तिला शिकवल्याबद्दल आणि परवा फाटकातून आत आल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

एवढे वाचून झाले. मी सहीसाठी कागद मेजावर ठेवला, तर सूनबाई पुढे झाली व तिने पेन उचलले. अजून तारीख घालायची राहिली होती. मी म्हणालो, "जरा थांबशील का?"

तिने पेन टाकून माझी नाडी धरली. लंबू स्ट्रेचर आणायला धावला. गोटीने खुर्ची आणली, चिरंजीवांनी फोन उचलला, आणि मावशी मला म्हणाल्या, "चावा, आबा, चावा."

मला काहीही झालेले नव्हते. मी फक्त नीट विचारले होते. हे त्यांना पटवून देण्यात संध्याकाळ गेली. यापुढेही मी असेच विचारणार आहे, तेव्हा त्यांनी सवय करून घ्यावी.

वरील सर्व प्रसंगी हजर असलेले साक्षीदार: मावशी, स्वयंपाकघर. आपले जावई, ऑफिस. लंबू व गोटी, वाटाडे, पैकी लंबू स्ट्रेचरसह. जीपवाला, इंजिन चालू ठेवून. धुराड्यातील पिल्ले, ज्यांची सही घेता आली नाही. आणि आपली कन्या, माझी सून, या घराची पुढे चालणारी, जिने डाव्या हाताने सही केली आहे, कारण हे लिहून संपेपर्यंत तिचा उजवा हात माझ्या मनगटावर आहे.